उलटा चढलेला वेल

कुंडी जागेवर नव्हती.

"आधी माझं फूल बघा, मग हातपाय धुवा," असं म्हणत आत्याने तिन्ही पोरांना बॅगांसकट थेट मागच्या अंगणात आणलं होतं. भिंतीलगत कुंड्यांची रांग होती आणि रांगेच्या मधोमध फरशीवर एक ओला गोल डाग होता. त्या डागावर छपरापासून सोडलेल्या तीन दोऱ्या रिकाम्या लोंबत होत्या.

"बघायचं काय? डाग?" लिंबूने विचारलं.

लिंबू आठ वर्षांची. जिभेवर कायम आंबट काहीतरी असायचं, म्हणून घरात तिला हे नाव पडलं होतं. तिची चुलत बहीण तेरा वर्षांची, येणाऱ्याजाणाऱ्याला उभं करून जाब विचारायची, म्हणून ती फौजदार. फौजदाराचा धाकटा भाऊ म्हणजे चष्मा. त्याला चष्मा होता, बाकी काही कारण नाही.

आत्या बादली उपडी घालून त्यावर बसली. आत्याला रडताना कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि आजही ती रडली नाही. पण बादली उपडी घालताना ती तिच्या हातातून दोनदा निसटली, आणि ते पोरांना रडण्यापेक्षा वाईट वाटलं. कारण आत्या घड्याळं दुरुस्त करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं आणि तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या त्या हातातून कधी काही निसटत नसे.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षांपूर्वी तपकिरी छटेचं एक फूल आलं होतं. तेव्हापासून दर संध्याकाळी चिमट्याने कळी उघडायची, पुंकेसर काढायचे, कागदाची टोपी घालायची. पहाटे दुसऱ्या फुलाचे पराग ब्रशने लावायचे. बी धरलं की पुढच्या वर्षी त्याची पाठ कानशीने घासायची, भिजवायची, पेरायची. चारशे रोपं झाली असतील. यंदा एकाच रोपाला हवं होतं तसं फूल आलं. घड्याळाच्या जुन्या पट्ट्यासारखं तपकिरी आणि भोवती पांढरा काठ. असा गारवेल कुठे नाही गं. आणि त्याला सहा बोंडं धरली होती. त्यातल्या बिया गेल्या की सगळंच गेलं."

"दुकान बंद होतं का?" फौजदाराने चौकशी सुरू केली.

"दीड तास. तुम्हाला स्टँडवरून आणायला."

वर्षातून एकाच दुपारी ते दुकान बंद व्हायचं. म्हणजे चोरी आपल्यापायी झाली, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. लिंबूने ते बोलूनही टाकलं.

"चोर आला म्हणून चोरी झाली," आत्या म्हणाली. "तुम्ही आलात म्हणून नाही."

तरी तिघांच्याही मनात काहीतरी पेटलं ते पेटलंच. मोठी माणसं त्याला राग म्हणतात आणि राग वाईट असं सांगतात. पोरांनी त्याला सरळ सूड म्हटलं आणि त्यांना त्यात काही वाईट दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसत नाही.

"ते फूल कुणी कुणी पाहिलं होतं?"

"मी. आणि सेक्रेटरींनी."

सेक्रेटरी म्हणजे गावातल्या उद्यान मंडळाचे सेक्रेटरी. दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी, ते आपलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला आले होते. येत्या रविवारी मंडळाचं फुलांचं प्रदर्शन होतं, म्हणून आत्याने त्यांना मोठ्या हौसेने मागे नेऊन वेल दाखवला आणि भाग घ्यायचा फॉर्म मागितला.

"काय म्हणाले?"

"'वा' म्हणाले. दोनदा. आणि फॉर्म संपलेत म्हणाले."

"फॉर्म कधी संपतात का?" चष्मा पुटपुटला.

तेवढ्यात लिंबू ओरडली, "ही बघा, इथे आहे की थोडी!"

तिसऱ्या दोरीवर, वर छपराजवळ, हातभर फांदी अडकून राहिली होती. चोराने घाईघाईत वेल दोऱ्यांवरून सोडवला होता आणि ही फांदी मुख्य वेलापासून फाटून मागे राहिली होती. तिला चार कळ्या होत्या, लहानमोठ्या. चष्मा स्टुलावर चढून ती सोडवायला लागला.

"सोडवू नकोस, दोरीसकट काप," आत्या म्हणाली. "ती कशी चढली आहे ते बघ. वरून पाहिलंस तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. गारवेल नेहमी त्याच बाजूने चढतो. सगळे, कुठलेही. आमच्या घरात घड्याळं एका बाजूने आणि वेल दुसऱ्या बाजूने, म्हणून तर आमचं जमतं."

"आणि मुद्दाम दुसऱ्या बाजूने गुंडाळला तर?"

"जून झालेला भाग राहतो बिचारा तसाच. पण शेंडा ऐकत नाही. एकदोन दिवसांत तो आपणहून वळतो आणि आपल्या बाजूने चढायला लागतो."

फांदी दोरीसकट पाण्याच्या पेल्यात गेली आणि पेला आत्याच्या कामाच्या टेबलावर, घड्याळांच्या मधे.

गुरुवारी सकाळी पहिली कळी उमलली. आत्या म्हणाली होती अगदी तसाच रंग. फौजदाराने ते फूल नीट बघून घेतलं आणि विचारलं, "आत्या, सेक्रेटरींचं घड्याळ झालं का गं दुरुस्त?"

"उद्या होईल. मीच नेऊन देते आणि विचारते तोंडावर."

"तू गेलीस तर ते सावध होतील. आम्ही जातो. पोरांकडे कोण बघतं?"

शुक्रवारी तिघं घड्याळ घेऊन सेक्रेटरींच्या बंगल्यावर गेली. सेक्रेटरी फोनवर बोलत होते. त्यांनी पोरांकडे नीट पाहिलंही नाही, नुसतं बोटाने मागचा व्हरांडा दाखवला. "तिथे खिळा आहे, लावा," असं म्हणून ते पुन्हा प्रदर्शनाच्या खुर्च्यांविषयी कुणावर तरी खेकसायला लागले.

व्हरांड्यात म्हातारे माळीबुवा खुरपी धूत बसले होते. कोपऱ्यात माणसाएवढं काहीतरी पांढऱ्या चादरीखाली उभं होतं. माळीबुवा खुरपी घेऊन बागेत गेले आणि फौजदाराने लिंबूला नुसता डोळा केला. लिंबू चादरीखाली शिरली.

आत चार बांबूंचा मनोरा होता, त्यावर वेल आणि खाली आत्याची कुंडी. कुंडीला हिरवा रंग फासलेला, तोही अजून चिकट. लिंबूने बुंध्यापासून वर बोट फिरवत नेलं. बोट घड्याळाच्या काट्यांच्या बाजूने फिरलं. पुन्हा त्याच बाजूने. वर शेंड्यापाशी मात्र वेल गर्रकन उलटा वळला होता. कुणीतरी रागावून तोंड फिरवावं तसा. लिंबूला इतका आनंद झाला की तिला तोंडावर हात दाबावा लागला.

आणि नेमके तेव्हाच चपलांचे आवाज आले. सेक्रेटरी.

"माळीबुवा, इकडे या. रविवारी हे असं न्यायचं का? ही हिरवी बोंडं काय लोंबताहेत? फुलं दिसली पाहिजेत. काढा सगळी." आणि माळीबुवांची वाट न बघता त्यांनी चादर एका बाजूने वर केली आणि स्वतःच बोंडं खुडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. लिंबू मनोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उकिडवी बसली होती. आता चादर पूर्ण निघणार, एवढंच बाकी होतं.

खिळ्यावर लावलेल्या घड्याळात बाराला दहा कमी होते. फौजदाराने मोठा काटा बोटाने धरला आणि बारावर आणला.

दुरुस्त झालेलं घड्याळ दणक्यात वाजायला लागलं. टण, टण, टण. ते थांबेचना.

"काय चाललंय?" सेक्रेटरी चादर सोडून धावले.

"काही नाही काका, चालतंय का ते बघत होतो," चष्म्याने घाबरून सांगितलं. तो खरंच घाबरला होता, म्हणून ते अगदी खरं वाटलं.

बारा टोले होईपर्यंत लिंबू चादरीखालून निघून पायरीवर जाऊन बसली होती, आणि जाता जाता जमिनीवरची चारही बोंडं तिने फ्रॉकच्या खिशात घातली होती.

आत्याने बोंडं टेबलावर ठेवली आणि एक फोडून डोळ्याला भिंग लावलं. बिया पांढऱ्या होत्या, मऊ.

"कच्च्या आहेत. या उगवायच्या नाहीत."

"पण दोन राहिलीत," लिंबू म्हणाली. "वर, मोठ्या पानामागे. त्याला दिसली नाहीत."

"मग वेल जिवंत परत यायला हवा. बी तयार व्हायला अजून तीन आठवडे लागतील. त्याच्याकडे तो तीन दिवस टिकायचा नाही." आत्याने भिंग काढलं. "त्याला बीसुद्धा नको होतं. ज्याच्यासाठी मी सात वर्षं घातली ते त्याने कचरा म्हणून खुडलं."

"त्याच्या सगळ्या बागेत मीठ टाकू," लिंबूने सुचवलं.

"मातीने तुझं काय घोडं मारलंय?"

चष्मा म्हणाला, "आपण जाऊन त्यांना एकट्याला सांगू. घाबरून देऊन टाकतील. भांडण नको."

"चोरी गुपचूप केली म्हणून पकडायचंही गुपचूप?" फौजदार उसळली. "आणि परवा नोंदवहीत त्यांचं नाव लागेल त्याचं काय?" कारण प्रदर्शनात नवं फूल ज्याने आणलं त्याचं नाव मंडळाच्या नोंदवहीत लिहिलं जायचं, आणि एकदा लिहिलं की ते कायमचं.

तिघांनी आत्याकडे पाहिलं. आत्या मोठी होती. आता ती म्हणणार, जाऊ द्या, क्षमा करावी.

"क्षमा करावी हे खरं," आत्या म्हणाली. "पण ज्याने मागितलीच नाही, त्याला ती नेऊन कुठे द्यायची? रविवारी सगळ्या गावासमोर. त्याला आधी वर चढू दे. चांगला वरपर्यंत."

फौजदाराला त्या क्षणी आत्या जगातली सगळ्यात सुंदर बाई वाटली.

शनिवारी तिसरी कळी उमलली आणि दुपारी मिटली. आता एकच उरली होती, सगळ्यात बारकी. गारवेलाचं फूल एकच सकाळ जगतं, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर. आत्याने दोनदा पाणी बदललं. रविवारी पहाटे तिघंही पेल्याभोवती बसली. कळी सुटत होती, पण सावकाश, फारच सावकाश. शेवटी सहाच्या सुमारास ती उमलली. फूल अंगठ्याच्या नखाएवढं होतं. पण तपकिरी होतं आणि त्याला पांढरा काठ होता.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं आणि वेलांचं टेबल सकाळी सातलाच मांडलं होतं, फुलं मिटायच्या आत. एका कुंडीत निळे गारवेल, एकीत जांभळे, आणि कुणीतरी कुंडीभर रताळ्याचा वेल आणून "हाही त्यांचाच चुलतभाऊ" म्हणून लोकांना हसवत होता. मधोमध बांबूंचा मनोरा. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, नवीन वाण. फुलाला सेक्रेटरींनी स्वतःचंच आडनाव दिलं होतं. सेक्रेटरी कोटाला फूल लावून उभे होते आणि त्यांच्याभोवती गर्दी होती. परीक्षक म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्या वही उघडून मनोऱ्यापाशी थांबल्या.

फौजदार पुढे झाली. इतका गोड आवाज तिने जन्मात काढला नव्हता.

"काका, हा तुम्ही बीपासून वाढवलात?"

"बीपासून, बाळ. तीन महिने झाले."

"याच बांबूंवर?"

"याच."

"मधे कधी सोडवून परत नाही गुंडाळला?"

सेक्रेटरी हसले. "गारवेलाला हात लावायचा नसतो. तो आपला आपण चढतो. आपण नुसती सेवा करायची." लोकांनी माना डोलावल्या.

"बाई, हे तुम्ही ऐकलंत ना?" फौजदाराने परीक्षक बाईंना विचारलं. गोड आवाज आता संपला होता. "लिंबू, आण."

लिंबूने पेला आणून मनोऱ्याशेजारी ठेवला. दोरीवर चढलेली हातभर फांदी आणि तिच्यावर ते एवढंसं फूल. रंग तोच, काठ तोच. माणसं बघायला पुढे सरकली.

"ही फांदी आत्याच्या अंगणातली आहे. बुधवारी दुपारी तिचा वेल चोरीला गेला. एवढी फांदी मागे राहिली."

सेक्रेटरी लाल झाले. मग ओरडले, "ही पोरं! परवा माझ्या घरी आली होती घड्याळ घेऊन. माझ्या वेलाची फांदी तोडून नेली आणि आता मलाच चोर ठरवताहेत!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण मोठ्या माणसाची बोंब लोकांना आधी पटते. "हल्लीची मुलं," कुणीतरी म्हणालं. "घड्याळवाल्या बाईंनी शिकवलं असणार," दुसरं कुणी म्हणालं. आत्या पाठीमागे दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला. लिंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला अजिबात नको होतं.

आणि तेव्हा चष्मा बोलला. वर्गात उभं केलं तरी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो.

"फांदी दोरीवर चढलेली आहे. काकांकडे दोरी नाही, बांबू आहेत," तो म्हणाला. "आणि ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट चढली आहे. पेल्यातली फांदी बघा आणि मग काकांचा वेल बघा. कुठल्या बाजूने चढलाय?"

परीक्षक बाईंनी वही बंद केली. त्या वाकल्या आणि बुंध्यापासून बोट फिरवत वर नेऊ लागल्या. बोट गोल गोल फिरत होतं आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत होती.

"अकरा विळखे," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा चुकीच्या बाजूने. आणि शेंड्याचे तीन बरोबर. सेक्रेटरीसाहेब, गारवेल असा चढत नाही. कधीच नाही. हा कुणीतरी हाताने गुंडाळला आहे, आणि शेंडा किती वाढलाय ते पाहता चारेक दिवसांपूर्वी."

"बुधवारी," फौजदार म्हणाली.

आत्या गर्दीतून पुढे आली. खिशातून तिने आपलं भिंग काढून बाईंच्या हातात दिलं आणि वेलावरच्या एका फाटक्या खुणेवर बोट ठेवलं. बाईंनी फांदीचं टोक तिथे धरून पाहिलं. सालीचा फाटका तुकडा त्या खाचेत नेमका बसला.

"माळ्याने काहीतरी केलं असेल," सेक्रेटरी घाईने म्हणाले. "मला काय माहीत? सगळं तोच बघतो."

कोपऱ्यात कुंड्यांना पाणी घालत असलेले माळीबुवा ताठ झाले. तीस वर्षं ते त्या घरची बोलणी खात आले होते. त्यांनी झारी खाली ठेवली.

"साहेब, कुंडी तुम्ही गाडीतून आणलीत," ते सावकाश म्हणाले. "मी म्हणालो, उलटा गुंडाळताय. तर तुम्ही म्हणालात, तू मला शिकवू नकोस."

आधी कुणीतरी एकच हसलं. मग सगळं सभागृह हसलं, आणि ते हसू पाच मिनिटं तरी थांबलं नाही. सेक्रेटरींनी कोटाचं फूल काढून खिशात घातलं. लिंबूने त्यांच्या चेहऱ्याकडे अगदी पोटभर बघून घेतलं, कारण त्यासाठीच ती आली होती.

"बाई, झालं ते झालं," सेक्रेटरी आत्याला हळूच म्हणाले. "वेल घेऊन जा. आपण इथेच मिटवू."

"नोंद राहिली ना," आत्या म्हणाली. "नव्या फुलाची नोंद सेक्रेटरीनेच करायची असते, असा तुमचाच नियम आहे. लिहा."

नोंदवही आली. सगळ्यांसमोर सेक्रेटरी टेबलापाशी बसले आणि लिहू लागले. वेल कुणी तयार केला, या रकान्यात त्यांनी आत्याचं नाव लिहिलं. प्रदर्शनात कुणी आणला, या रकान्याशी पेन अडलं.

"लिहा की," लिंबू म्हणाली. "'मी आणला' म्हणून. आणि कुठून आणला तेही. शेवटी 'शेरा' म्हणून जागा आहे."

परीक्षक बाईंनी लिंबूला गप्प केलं नाही. सेक्रेटरींनी लिहिलं. लिंबूने ते मोठ्याने वाचून दाखवलं, सावकाश, जोडाक्षरांसकट. तो शेरा अजून त्या वहीत आहे आणि दर वर्षी प्रदर्शनाला वही टेबलावर उघडी ठेवतात.

मग पहिलं बक्षीस आत्याला मिळालं. परीक्षक बाई चष्म्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या कॉलेजातल्या मुलांना हे सुचलं नसतं." माळीबुवा स्वतः कुंडी उचलून आत्याच्या घरापर्यंत आले आणि वेल बांबूंवरून सोडवून पुन्हा दोऱ्यांवर चढवून गेले, बरोबर बाजूने. जाताना फौजदाराला म्हणाले, "पोरी, तू खरंच फौजदार हो." आत्याने तिघांना दुकानातलं एकेक जुनं मनगटी घड्याळ दिलं, आणि आत्याला ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी ती दोन बोंडं वाळून तपकिरी झाली. बिया निघाल्या अकरा, काळ्या आणि टणक. आत्याने त्या काचेच्या डबीत घातल्या.

"यंदा अकरा. पुढच्या वर्षी पाचशे होतील," ती म्हणाली. "मग वाटायच्या."

"त्यालापण?" लिंबूने संशयाने विचारलं.

"त्याच्या समोरच्या घराला. शेजारच्या दोन्ही घरांना. मागच्या घराला. त्याच्या गल्लीत जेवढी कुंपणं आहेत त्या सगळ्यांना. रोज सकाळी दार उघडलं की त्याला जिकडेतिकडे माझंच फूल दिसलं पाहिजे. त्याला स्वतःला एक बीसुद्धा नाही."

"आणि वेल कुंपण ओलांडून त्याच्या बागेत गेला तर?" चष्मा म्हणाला. "वेल काय, कुठेही जातो."

आत्याने विचार केला. "मग तो काढून आणायला कुणाला तरी त्याच्या दारात जावं लागेल. घंटी वाजवून, आमचा वेल आहे म्हणून सांगून. दर आठवड्याला."

लिंबूने बॅग खाली ठेवली आणि पुढची सुट्टी कधी लागते ते विचारलं.